नदीकाठी एकट्याने फोटो काढायला जाताना: घोळ कुठे होतात आणि ते कसे निस्तरायचे

माझे बूट वाहून गेले तेव्हा मी कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, हिस्टोग्राम, बघत होतो.

नदीचं वळण, समोर उतरतं ऊन, घोट्याइतक्या पाण्यात ट्रायपॉड. बूट भिजू नयेत म्हणून काढून मागच्या सपाट खडकावर ठेवले होते आणि मोजे गुंडाळून त्यांत खुपसले होते. अर्ध्या तासात पाणी वीतभर चढलं असावं. गार पाण्याने पोटऱ्या आधीच बधिर झाल्या होत्या, त्यामुळे मला पत्ताच लागला नाही. वळून बघितलं तर त्या खडकावरून पाण्याचा पातळ पदर वाहत होता. बूट गायब. परतीची साडेतीन किलोमीटरची वाट मी राखीव मोजे घालून आणि त्यांवर कॅमेऱ्याचं रेनकव्हर फाडून गुंडाळून चाललो. तीन तास लागले. फोटो ठीकठाकच आला होता.

त्यानंतर मी माझ्या आधीच्या पडझडींचा हिशेब मांडून बघितला. चालताना फारसं काही झालेलंच नव्हतं. पाय घसरला, फिल्टर पाण्यात गेला, काळोखात वाट चुकली, हे सगळं मी थांबलो असताना किंवा थांबून पुन्हा निघताना झालं होतं. एकटा चालणारा माणूस सावध असतो, पण त्याच माणसाने व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की त्याचे पाय, पाणी आणि घड्याळ तिन्ही बेवारस होतात. ऊन सोनेरी व्हायला लागलं की अक्कल पातळ होते, हे माझ्यापुरतं तरी शंभर टक्के खरं आहे. म्हणून खाली जे सांगतोय त्याचा बराचसा भाग निर्णय आधीच घेऊन ठेवण्याबद्दल आहे.

घरून निघण्याआधी

चांगला उजेड दिवसाच्या दोन टोकांना असतो. म्हणजे पहाटेचा फोटो हवा तर जाताना अंधार आणि संध्याकाळचा हवा तर येताना अंधार. हे टळत नाही, तेव्हा ते धरूनच आखणी करायची. हेडलॅम्प नेहमी बॅगेच्या वरच्या कप्प्यात आणि एक छोटी टॉर्च वेगळ्या खिशात. मोबाइलच्या टॉर्चवर विसंबू नका. रात्री अडकलात तर फोनची बॅटरी फोन लावायलाच लागणार आहे.

वेळेच्या हिशेबाला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजून उपयोगी पडतो. साधारणपणे दर ५ किलोमीटरला १ तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. समजा वाट ६ किलोमीटरची आहे आणि चढ ३०० मीटरचा. नियमाने १ तास ४२ मिनिटं येतात. पण नेस्मिथच्या पाठीवर ट्रायपॉड नव्हता आणि तो दर वळणावर थांबत नव्हता. मी या आकड्याची दीडपट धरतो, म्हणजे इथे अडीच तास.

मग सूर्यास्तापासून उलट मोजायचं आणि ‘या वेळेला सामान आवरायचं’ ती वेळ ठरवायची. ती मी मेडिकल टेपच्या तुकड्यावर लिहून कॅमेऱ्याच्या स्क्रीनच्या कडेला चिकटवतो. मनात ठरवलेली वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकत जाते, टेपवरची तेवढी सरकत नाही. दरीत किंवा घळीत जाणार असाल तर सूर्य पंचांगातल्या वेळेच्या खूप आधी डोंगराआड जातो, हेही धरा.

घरच्या कुणाकडे किंवा मित्राकडे चिठ्ठी ठेवा. मेसेज चालेल, पण त्यात चार गोष्टी हव्यात: वाट कुठून सुरू होते, नदीच्या कुठल्या काठाने जाणार, कधी परतणार, आणि किती वाजेपर्यंत काही कळलं नाही तर शोधाशोध सुरू करायची. काठ सांगताना घोटाळा होतो. नदीचा डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरतो, आपण वर चढत असू तर आपल्या हातांच्या बरोबर उलटा. शोधणारे चुकीच्या काठावरून गेले तर मध्ये नदी आहे, हे विसरू नका.

हवामान बघताना आपण जिथे उभे राहणार तिथलं बघून भागत नाही. नदी जिथून येते त्या वरच्या भागात पाऊस आहे का, वर धरण आहे का, त्याचं पाणी सोडतात का, हे बघायचं. निरभ्र आकाशाखाली अंगावर लोंढा येतो तो वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा असतो. बर्फाच्या पाण्यावर वाहणाऱ्या नद्यांची गंमत वेगळीच. दिवसभर बर्फ वितळतं आणि पाणी दुपारनंतर चढतं. पहाटे टणाटण उड्या मारत ओलांडलेला ओढा संध्याकाळी तुम्हाला पलीकडेच ठेवू शकतो.

नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. नेटवर्क नसलं तरी फोनचा जीपीएस चालतो, फक्त खाली दाखवायला नकाशा हवा.

वाटेवर

इथे थोडक्यात आटपतो. चालताना कॅमेरा बॅगेत. गळ्यात लटकवलेला कॅमेरा छातीवर हेलकावे खातो आणि खाली बघितलं की नेमकी पुढच्या पावलाचीच जागा झाकतो. फाटा लागला की मागे वळून मोबाइलवर एक फोटो काढा, कारण परतताना तुम्हाला वाट याच बाजूने दिसणार आहे, तीही अंधारात.

काठावर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं

बॅग उघडू नका. मला स्वतःला हे सगळ्यात जड जातं.

पाण्याच्या कडेचा एक दगड हेरा, जो अर्धा ओला, अर्धा कोरडा आहे. हा तुमचा पाण्याचा काटा. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वेळ आपोआप नोंदली जाते. पुढे दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघायचं. ट्रायपॉडवरून मान वळवली की दिसेल असाच दगड निवडा.

मग झुडपांकडे बघा. फांद्यांत अडकलेलं सुकं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या जिथवर दिसतात तिथवर पाणी कधीतरी आलेलं आहे. ती रेषा डोक्याच्या वर असेल आणि दोन्ही बाजूंना कडे असतील तर तिथे मुक्काम ठोकायचा नाही. वर चढायला सर्वांत जवळची जागा कोणती ते बघा आणि बॅग त्या जागेच्या बाजूला, त्या रेषेच्या वर ठेवा. बूट पायातच राहू द्या.

पाणी चढायला लागलं की नदी आधी खुणा देते. स्वच्छ पाणी गढूळ होतं, पानं आणि काटक्या वाहून यायला लागतात, आवाज बदलतो. खळखळीच्या खाली एक घुमणारा, ठकठक आवाज ऐकू आला तर तळातले गोटे लोळायला लागलेत. यातलं एक जरी जाणवलं तरी ट्रायपॉडचे पाय मिटत बसू नका. उघडाच खांद्यावर टाका आणि वर चढा. आधी वर, मग विचार.

ट्रायपॉड पाण्यात लावताना

शेवाळ हिरवंच असतं असं नाही. ओल्या खडकावरची काळपट, तेलकट चमक जास्त दगा देते. कोरडा खडक बहुतेक वेळा ठीक, पाण्याखालचा खडबडीत गोटाही चालतो, पण पाणी जिथे चाटून जातं तो ओल्या-कोरड्याच्या मधला पट्टा सगळ्यात निसरडा. तिथे पाय ठेवण्याऐवजी थेट घोटाभर पाण्यात, दोन दगडांच्या मधल्या वाळूत ठेवा.

पाण्याची खोली डोळ्याला फसवते. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आहे, त्यामुळे वरून सरळ खाली बघितलं तरी खोली तीन चतुर्थांशच वाटते आणि तिरकं बघितलं तर त्याहून कमी. जे मांडीच्या खालपर्यंत वाटतं ते कमरेला लागतं. फोटोवाल्यांकडे यावर एक चांगलं हत्यार असतं: पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर. तो लेन्सवरून काढून डोळ्यासमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका ठिकाणी पाण्यावरची चमक गळून पडते आणि तळ दिसायला लागतो. मी हल्ली पाऊल टाकण्याआधी तसंच बघतो. खोलीचा भ्रम त्याने जात नाही, पण खड्डा आणि सपाट खडक यांतला फरक कळतो.

ट्रायपॉडचे पाय लांबवताना पाण्यात सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण उघडा, म्हणजे सांधा पाण्याच्या वर राहतो. सांध्यात वाळू गेली की तो आवळताना करकरतो आणि घरी गेल्यावर सगळा खोलून धुवावा लागतो. एक पाय प्रवाहाच्या वरच्या बाजूला, दोन खाली, आणि वरून दाबून तळात रुतवा. वारा असेल तर मधल्या हुकाला बॅग टांगू नका. ती झुलते आणि सगळं हलवते. टांगायचीच तर जमिनीला टेकेल इतकी खाली सोडा.

एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, लावल्यावर फावला वेळ मिळतो, तो कामी लावा. १० स्टॉपच्या, म्हणजे दहा वेळा उजेड निम्मा करणाऱ्या, फिल्टरने १/१५ सेकंदाचं एक्स्पोजर सुमारे ६८ सेकंदांचं होतं. बहुतेक जण तो सगळा वेळ टायमरचे आकडे मोजतात. मी एक सवय लावून घेतली आहे: बटण दाबलं की मान वर, नदीच्या वरच्या अंगाला. मग काट्याचा दगड. मग घड्याळ. शटर बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत स्क्रीनकडे बघायचंच नाही. जाता जाता आणखी एक. त्या ६८ सेकंदांच्या फोटोत नदी दुधासारखी निवांत दिसते. तो फोटो बघून ‘इथून पलीकडे जाता येईल’ असं वाटलं तर ती तुमच्याच कॅमेऱ्याने मारलेली थाप आहे.

पोलरायझर आणि एनडी एकमेकांत अडकून बसले तर चिमटीने जोर लावू नका, त्याने कडं चेपून आणखी घट्ट होतं. कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळा आणि सगळ्या बोटांनी सारखा, हलका दाब देऊन फिरवा.

नदी ओलांडायचीच असेल तर

पहिला प्रश्न: पलीकडचा फोटो खरंच वेगळा आहे का? माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा नसतो. पलीकडचा काठ इकडून छान दिसतो, तिकडून इकडचा.

तरीही जायचं असेल तर हे क्रमाने करा.

नदी जिथे अरुंद दिसते तिथे जाऊ नका. तेवढंच पाणी चिंचोळ्या जागेतून जातं, म्हणून तिथे ते खोल तरी असतं नाहीतर वेगवान, बहुधा दोन्ही. रुंद, पसरट, मध्ये वाळूची बेटं असलेली जागा शोधा. जुने लोक ज्याला उतार म्हणतात तो अशाच ठिकाणी असतो.

मग खालच्या अंगाला जाऊन बघा. पाय सुटला तर तुम्ही कुठे पोचणार? खाली धबधबा, कडा किंवा पाण्यात आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा रद्द. झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. तो तिथेच दाबला जातो.

पाण्यात एक काटकी टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. तिला गाठायला झपाझप चालावं लागत असेल तर उतरू नका. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे ‘थोडंसंच जास्त ओढ आहे’ या वाक्याला काही अर्थ नसतो. वेगाने वाहणारं वीतभर पाणीही उभ्या माणसाला पाडू शकतं. शिवाय पाणी मांडीच्या वर गेलं की शरीर हलकं होतं आणि तळाला पायांची पकड राहत नाही. एकट्याने जाताना माझी हद्द गुडघा आहे. गुडघ्याच्या वर पाणी आणि त्याला ओढ असेल तर मागे फिरायचं.

कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून पाणी न शिरणाऱ्या ड्राय बॅगेत टाका, तोंड नीट गुंडाळा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. पडलात तर सॅक झटकून टाकता आली पाहिजे. बूट घालूनच उतरा, ओले बूट वाळतात. मिटलेला ट्रायपॉड किंवा मजबूत काठी घ्या, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवा आणि काठी पुढे रोवून तिच्यावर भार देत खेकड्यासारखं आडवं सरका. दोन पाय आणि काठी, या तिघांतलं एका वेळी एकच हलवायचं. पावलं छोटी, एकावर एक न टाकता. नजर खळाळत्या पाण्यावर खिळली की गरगरतं, ती समोरच्या काठावरच्या एखाद्या खुणेवर ठेवा. अर्ध्यावर मन कचरलं तर तिथे उभं राहून चर्चा नको. आल्या वाटेने, तसंच सरकत मागे.

पाण्यात पडलात तर

सामान सोडा. कॅमेऱ्याचा पट्टा हाताला गुंडाळायची सवय असेल तर ती पाण्यात उतरताना मोडा.

वेगवान पाण्यात लगेच उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारं पाणी तुम्हाला पुढे पालथं पाडतं आणि डोकं वर काढता येत नाही. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, बुटांची टोकं पाण्याच्या वर दिसतील अशी. दगड आले तर बुटांनी झेला. हातांनी काठाकडे तिरकं वल्हवत राहा आणि पाणी संथ, गुडघ्याखाली झालं की मगच उभे राहा.

पाणी फार गार असेल तर पहिल्या मिनिटात आपोआप धाप लागते, त्यातच नाकातोंडात पाणी जातं. थंड पाण्यावर संशोधन करणारे कॅनडातले शास्त्रज्ञ गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी १-१०-१ हे सूत्र रूढ केलं: १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे बर्फगार पाण्यात पडलेल्या माणसाकडे वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ असतो. पहिलं मिनिट घाबरण्यात घालवू नका.

बाहेर आल्यावर ओले कपडे आधी उतरवा. कोरडा जोड ड्राय बॅगेत हवा तो याचसाठी. थरथर थांबली, बोलणं अडखळायला लागलं किंवा साधी चेन लावता येईना तर शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली जातंय असं समजा आणि चालत सुटण्याआधी अंग कोरडं आणि ऊबदार करा.

कॅमेरा पडला तर

बाहेर काढल्यावर ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबणं हीच कॅमेरा मारण्याची खात्रीची रीत. पाण्यापेक्षा ओल्या सर्किटमधून गेलेली वीज जास्त नुकसान करते. बॅटरी काढा, कार्ड काढा, लेन्स वेगळी करा, सगळी झाकणं उघडी ठेवा आणि पाणी निथळेल अशा बाजूने धरा. कापडाने टिपा, घासू नका. घरी गेल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत निदान दोन दिवस ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची पूड आणि कणी फटींत जाते. हेअर ड्रायरही नको. मग चालू करून बघण्याऐवजी दुरुस्तीला द्या. कार्ड बहुतेक वेळा वाचतं, फक्त पूर्ण वाळल्याशिवाय रीडरमध्ये घालू नका.

पाय मुरगळला तर

बसा. दहा मिनिटं काही ठरवू नका, कारण पहिल्या कळेत प्रत्येक घोटा मोडलेलाच वाटतो. मग उठून चार पावलं टाकून बघा. लंगडत का होईना, चार पावलं पडली आणि घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर तीव्र कळ आली नाही, तर बहुधा लचक आहे. चार पावलंही पडत नसतील तर हाड मोडलं असं धरून मदत मागवा.

चालत परतायचं असेल तर बूट काढू नका. सूज आली की तो पुन्हा चढत नाही. बुटाच्या वरूनच क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं गुंडाळा. ट्रायपॉड कुबडी म्हणून वापरा. रबरी बूच असलेला पाय खाली, आणि कॅमेरा बसतो ते वरचं हेड काढून ठेवा, नाहीतर ते बरगडीत टोचतं. बाकी जड सामान तिथेच उंचावर ठेवून जायला लाजू नका, फक्त जागेचा फोटो काढा.

वाट चुकली, अंधार पडला

‘नदी धरून खाली गेलं की वस्ती लागते’ हे लहानपणापासून ऐकलेलं आहे आणि ते धोक्याचं आहे. नदी घळीत शिरते, कड्यावरून उडी मारते, आणि तुम्ही अशा जागी पोचता जिथून खाली जाता येत नाही आणि वर चढता येत नाही. वाट हरवली तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या, फाट्यांचे ते फोटो इथे कामी येतात. तेही जमत नसेल तर पाण्यापासून दूर, उंचावर, वारा न लागणाऱ्या जागी बसून रात्र काढा. बॅग रिकामी करून पाय त्यात घाला, अंगाखाली जे असेल ते अंथरा, कारण खालची जमीन अंगातली ऊब ओढून घेते.

फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज शोधत राहिलेला फोन झपाट्याने उतरतो. थंडीत बॅटरी मान टाकते, तेव्हा फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा.

मदत मागताना

जीएसएम फोनवर ११२ हा तातडीचा क्रमांक बऱ्याच देशांत चालतो, आणि तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. बोलणं होत नसेल तर मेसेज पाठवून बघा, त्याला क्षणभराची रेंज पुरते. मेसेजमध्ये अक्षांश-रेखांश लिहा. दशांश चिन्हानंतर चार अंक दिलेत तर तुमची जागा ११ मीटरच्या आसपास कळते. सोबत कुठला काठ तेही लिहा.

नदीच्या आवाजात ओरडून घसा फुटेल, ऐकू काही जाणार नाही. शिट्टीचा चिरका आवाज त्यातूनही पार जातो. डोंगरातला मान्य संकेत असा: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. टॉर्चनेही असंच. उत्तरादाखल मिनिटाला तीन येतात. शक्य असेल तर पाण्यापासून दूर सरका, कारण ती तीन उत्तरं तुम्हालाही ऐकू आली पाहिजेत. शिट्टी बॅगेत ठेवू नका, गळ्यात किंवा सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला बांधा. बॅग वाहून जाऊ शकते.

परत आल्यावर

बुटांच्या त्या संध्याकाळी मी रात्री सव्वादहाला घरी पोचलो. पाय गरम पाण्यात सोडले, लॅपटॉप उघडला, कार्ड लावलं आणि एकेक फ्रेम मोठी करून बघत बसलो. साडेदहा ही मित्राला दिलेली वेळ होती. अकराला पाच मिनिटं असताना दार वाजलं. तो मोठी टॉर्च, दोर आणि माझी ती चिठ्ठी घेऊन उभा होता, आणि त्याने पहिल्यांदा माझ्या पायांकडे बघितलं. हल्ली मी ‘पोचलो’ हा मेसेज वाट संपते तिथूनच पाठवतो. कार्ड तोवर कॅमेऱ्यातच असतं.